पोर्ट ऑफ स्पेनची पाकिटं

१० मे २०११. त्रिनिदादच्या राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनमधल्या हयात रिजन्सी हॉटेलात कॅरिबियन फुटबॉल युनियनची खास सभा भरली होती. फिफाच्या अध्यक्षपदाची निवडणूक तीन आठवड्यांवर, १ जूनला होती. एका बाजूला १९९८पासून खुर्चीवर असलेले स्वित्झर्लंडचे सेप ब्लाटर, दुसऱ्या बाजूला आशियाई फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष, कतारचे मोहम्मद बिन हम्माम. ३ मे रोजी मायामीत कॉन्ककॅफचं, म्हणजे उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियन महासंघाचं अधिवेशन झालं, तिथे बिन हम्माम पोहोचू शकले नव्हते. म्हणून ही वेगळी सभा. ती बोलावली जॅक वॉर्नर यांनी. हे गृहस्थ कॉन्ककॅफचे अध्यक्ष, कॅरिबियन युनियनचे अध्यक्ष, फिफाचे उपाध्यक्ष आणि त्या काळात त्रिनिदाद सरकारात मंत्रीही. प्रतिनिधींच्या प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च उमेदवाराने, बिन हम्माम यांनी, उचलला होता.

भाषण झालं. मग प्रतिनिधींना सांगण्यात आलं की हॉटेलातल्या अमुक खोलीत जाऊन आपापली भेट घेऊन या. पुढचा प्रसंग बहामाच्या संघटनेचे उपाध्यक्ष फ्रेड लन यांनी शपथपत्रात नोंदवला आहे. दार वाजवलं, आत युनियनचे दोन कर्मचारी. एका फॉर्मवर नाव लिहून सही करायला सांगितलं, ती त्यांनी केली. मग हातात एक पाकीट आलं. स्टेपल मारलेलं, वर हाताने ‘बहामाज’ लिहिलेलं. आत काय आहे? उत्तर मिळालं, चाळीस हजार डॉलर रोख, युनियनकडून भेट. तेव्हाच्या दराने साधारण १८ लाख रुपये. एवढी रोकड घेऊन कस्टम्समधून कसं जायचं, या काळजीवर सुचवलं गेलं की पोस्टाने पाठवता येईल.

लन यांनी नोटांचा फोटो काढला, आपले अध्यक्ष अँटन सीली यांना कळवलं आणि त्यांच्या सांगण्यावरून पाकीट परत केलं. त्यांच्या निरोपात म्हटलं होतं की इथले बरेच जण पैसे घेत आहेत, आणि तेही सीएनएनवर ही बातमी चालू असताना. बातमी लंडनची होती. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेचे माजी अध्यक्ष लॉर्ड ट्रीझमन त्याच दिवशी संसदीय समितीसमोर सांगत होते की विश्वचषकाच्या यजमानपदासाठी मतं मागायला गेल्यावर फिफाच्या काही सदस्यांनी मोबदल्याची भाषा केली. त्यांनी घेतलेल्या नावांत वॉर्नर यांचं नाव होतं. वॉर्नर यांनी ते साफ नाकारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्नर सभेसमोर उभे राहिले. बाहेर फोन गेल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. या भाषणाचं चित्रण पुढे फुटलं आणि ऑक्टोबरमध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्राने ते जगासमोर आणलं. त्यात वॉर्नर सांगतात की पाहुण्याला, म्हणजे बिन हम्माम यांना, स्मृतिचिन्हं, चषक वगैरे आणायचे होते. मीच म्हटलं, त्यापेक्षा तेवढ्याच किमतीची रोख रक्कम आणा, ज्याला ती जशी वापरायची तशी वापरू द्या. आणि ज्यांना स्वतःच्या पावित्र्याचा फार अभिमान आहे त्यांनी चर्चमध्ये जावं. आपल्या घरातल्या गोष्टी घरातच राहिल्या पाहिजेत.

कागद काय सांगतो

माझं काम मुंबईतल्या छोट्या क्रीडासंस्थांचे हिशोब तपासण्याचं. फुटबॉल क्लब, कबड्डी मंडळं, एखाद-दुसरी तालीम. त्यांच्या मानद पदाधिकाऱ्यांसाठी अधूनमधून परळला एक वर्ग घेतो आणि त्यात हेच प्रकरण वाचायला देतो. झुरिकची धाड, कतारचा विश्वचषक हे सगळं लोकांना बातम्यांतून माहीत असतं. ते मोठं आहे, आपल्या आवाक्याबाहेरचं आहे, असं वाटून माणसं निवांत ऐकतात. पाकिटाची गोष्ट मात्र टोचते. कारण मुंबईत निवडणुकीच्या आदल्या रात्री वस्तीत काय फिरतं, हे कुणाला नव्याने सांगावं लागत नाही.

मी पहिला प्रश्न विचारतो: या घटनेत लेखापरीक्षकाच्या दृष्टीने सगळ्यात विचित्र काय? बहुतेक जण म्हणतात, रोकड. नायगावच्या एका क्लबचे जुने खजिनदार मात्र वेगळं बोलले.

“सर, सही घेतली की हो त्याची.”

“मग, काका?”

“मग काय? सही घेतली म्हणजे यादी होती. पाकिटावर देशाचं नाव होतं म्हणजे पाकिटं आधी मोजून भरलेली होती. हिशोब चोख होता. फक्त पावती नाही दिली.”

पुढचा अर्धा तास आम्ही याच वाक्यावर घालवला. सही कुणासाठी असते? व्हाउचरवरची सही देणाऱ्याचं रक्षण करते. मधल्या माणसाने पैसे खाल्ले नाहीत, ते ठरल्या हातात पोहोचले, हे त्यातून सिद्ध होतं. पावती घेणाऱ्या संस्थेचं रक्षण करते; पैसे संस्थेचे झाले, आता ते कीर्दीला लागणार, असं ती सांगते. पोर्ट ऑफ स्पेनमध्ये पहिला कागद होता आणि दुसरा नव्हता. भेट बहामा फुटबॉल संघटनेला असती तर सीली यांना आधी पत्र आलं असतं, रक्कम बँकेत गेली असती आणि उपाध्यक्षाला खोलीत बोलावून पोस्टाचा सल्ला द्यावा लागला नसता. त्या खोलीत पैसे देशाच्या नावाने निघाले आणि माणसाच्या हातात पडले.

दादरच्या एका मंडळाच्या चिटणीस ताईंनी इथे हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, सगळ्यांनीच खिशात घातले असं कसं धरता? गरीब संघटना, बूट नाहीत, मैदानाला कुंपण नाही. एखाद्याने ते खरंच मुलांवर खर्च केले असतील. हरकत योग्य आहे. वॉर्नर यांचाही सूर तोच होता की हे तळागाळाच्या कामासाठी आहेत. पण हिशोबाच्या दृष्टीने त्याने काही फरक पडत नाही. ज्या पैशाची जमा नोंद नाही त्याचा खर्च कितीही पुण्याचा असो, संस्थेला तो दाखवता येत नाही. आणि दाखवता न येणारी गोष्ट देणाऱ्याला कायम ठाऊक असते. पुढच्या निवडणुकीत ती आठवण करून द्यायला तो मोकळा असतो.

पाच हजार वस्तीचं मत

इतकी मेहनत या बेटांवर का? कारण फिफात एक देश, एक मत. २०११मध्ये सदस्य होते २०८. कॉन्ककॅफकडे त्यातले ३५, आणि त्यात कॅरिबियन गट २५च्या आसपास. माँटसेराट नावाचं बेट आहे, १९९५पासूनच्या ज्वालामुखीने त्याची राजधानीच गाडून टाकली. उरलेली वस्ती साधारण पाच हजार. लोअर परळच्या दोन-चार टॉवरमध्ये मावेल एवढी. तिचं एक मत. भारताचंही एकच.

वर्गात इथे लगेच सूर लागतो की हेच मूळ दुखणं. छोट्यांना मत देऊच नये. मला ते पटत नाही. मोठ्या देशांच्या हाती सगळं दिलं की पैसा मोठ्या पाकिटात जातो, एवढंच. दक्षिण अमेरिकेच्या महासंघात सदस्य फक्त दहा, त्यात ब्राझील आणि अर्जेंटिना. तरी २०१५च्या अमेरिकी आरोपपत्रात टीव्ही हक्कांपोटी दिलेल्या लाचेचा सगळ्यात जाडजूड भाग त्यांचाच निघाला. २७ मे २०१५च्या पहाटे झुरिकच्या बाउर ओ लाक हॉटेलातून सात पदाधिकाऱ्यांना अटक झाली. आरोपपत्रात एकूण १४ जण, ४७ कलमं, २४ वर्षांचा काळ आणि दीडशे दशलक्ष डॉलरहून अधिक रकमेच्या लाचेचा हिशोब होता.

दुखणं मताच्या आकारात नाही, ते निधीच्या वाटेत आहे. माँटसेराटला फिफाकडून वर्षाला जे मिळायचं त्याच्या तुलनेत त्याची स्वतःची तिकीटविक्री म्हणजे चिल्लर. ‘आर्थिक साहाय्य कार्यक्रम’ या नावाखाली दरवर्षी प्रत्येक संघटनेला अडीच लाख डॉलर. शिवाय १९९९पासूनचा ‘गोल’ प्रकल्प: कार्यालयं, मैदानं, प्रशिक्षण केंद्रं. मुंबईतल्या आपल्या कूपरेज मैदानाच्या कृत्रिम गवतामागेही फिफाच्याच विकासनिधीचा हात होता आणि त्यावर खेळलेल्या पोरांना त्याचा फायदाच झाला. निधी वाईट नाही. पण हा निधी कोण वाटतं? ब्लाटर यांच्या खुर्चीवरून त्याची घोषणा होते. आणि गोल प्रकल्पाच्या समितीचे प्रमुख कोण होते? बिन हम्माम. म्हणजे २०११च्या निवडणुकीतले दोन्ही उमेदवार वर्षानुवर्षं आपल्याच मतदारांना अधिकृतपणे पैसे वाटत आले होते. फिफाच्या नियमांत त्यात काहीही गैर नव्हतं.

आता मायामीकडे वळू. वॉर्नर यांनी आपल्यावर कारवाई होताच सांगून टाकलं की ३ मेच्या अधिवेशनात ब्लाटर यांनी कॉन्ककॅफला दहा लाख डॉलर जाहीर केले, हवे तसे खर्च करा म्हणून. आणि तिथे हजर असलेले युरोपीय फुटबॉल महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष मिशेल प्लातिनीही त्यावर नाराज झाले. वॉर्नर यांचा शब्द प्रमाण मानावा असं मी म्हणत नाही. फिफाच्या नीतिमत्ता समितीने ब्लाटर यांच्यावर ठपका ठेवला नाही. पण वर्गात दोन्ही घटना शेजारीशेजारी फळ्यावर लिहिल्या की गप्प बसतात माणसं. ३ मे, मायामी, व्यासपीठावरून घोषणा, टाळ्या. १० मे, पोर्ट ऑफ स्पेन, खोली, पाकीट. निवडणूक १ जून. दुसऱ्या घटनेतला उमेदवार आयुष्यभरासाठी बाद झाला आणि पहिल्यातला अध्यक्ष झाला.

तक्रार करणारा

सीली यांनी फोन केला तो चक ब्लेझर यांना. न्यूयॉर्कचे ब्लेझर १९९०पासून कॉन्ककॅफचे सरचिटणीस, वॉर्नर यांचे जुने साथीदार. वॉर्नर यांना अध्यक्षपदाला उभं करण्यात त्यांचाच पुढाकार होता. त्यांनी जॉन कॉलिन्स या अमेरिकी वकिलाकडून चौकशी करवली, शपथपत्रं गोळा केली आणि अहवाल फिफाच्या सरचिटणीसांकडे पाठवला. २९ मे रोजी नीतिमत्ता समितीने वॉर्नर आणि बिन हम्माम यांना तात्पुरतं निलंबित केलं. बिन हम्माम यांनी त्याआधीच माघार घेतली होती. इंग्लंडच्या संघटनेने निवडणूक पुढे ढकला म्हणून ठराव मांडला, तो १७२ विरुद्ध १७ मतांनी पडला. १ जूनला ब्लाटर एकटेच उमेदवार: २०३ पैकी १८६ मतं.

वर्गातल्या तरुण मुलांना ब्लेझर आवडतात. मित्राविरुद्ध उभं राहायला हिंमत लागते, असं ती म्हणतात. मग मी त्यांना पुढचं पान वाचायला देतो.

ब्लेझर यांच्या करारात महासंघाच्या प्रायोजकत्व आणि प्रक्षेपणाच्या उत्पन्नावर दहा टक्के कमिशन होतं. करार १९९८मध्ये संपला. कमिशन चालूच राहिलं. मॅनहॅटनमधल्या ट्रम्प टॉवरमध्ये महासंघाचं कार्यालय आणि त्यांचं घर, शिवाय मांजरांसाठी म्हणून वेगळा फ्लॅट, याच्या कहाण्या जगभर छापून आल्या. २०१३च्या एप्रिलमध्ये कॉन्ककॅफच्या सचोटी समितीने, जिचे प्रमुख बार्बाडोसचे माजी सरन्यायाधीश होते, हिशोब मांडला: १९९६ ते २०११ या काळात ब्लेझर यांना कमिशन, शुल्क आणि भाड्यापोटी २०.६ दशलक्ष डॉलर गेले. त्याच अहवालात वॉर्नर यांचंही प्रकरण होतं. त्रिनिदादमध्ये ‘सेंटर ऑफ एक्सलन्स’ म्हणून जे संकुल फिफा आणि कॉन्ककॅफच्या २५.९ दशलक्ष डॉलरमधून उभं राहिलं, त्याची जमीन वॉर्नर यांच्या कंपन्यांच्या नावावर होती. आपल्या भाषेत, प्रॉपर्टी कार्ड कुणी काढून पाहिलंच नाही. हिशोब तपासणारे लेखापाल वॉर्नर यांची खासगी कामंही करत होते. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे वाक्य पाकिटापेक्षा जास्त लाजवतं.

पाकिटांनंतर सहा महिन्यांनी, नोव्हेंबर २०११मध्ये, एफबीआय आणि अमेरिकी आयकर खात्याच्या माणसांनी ब्लेझर यांना मॅनहॅटनच्या रस्त्यात गाठलं. वर्षानुवर्षं विवरणपत्रंच भरली नव्हती. सहकार्य करा किंवा बेड्या घाला, असा मामला. ते सहकार्याला तयार झाले. २०१२च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी किल्लीच्या साखळीत लपवलेल्या यंत्राने त्यांनी जुन्या सहकाऱ्यांची संभाषणं टिपली. २५ नोव्हेंबर २०१३ला त्यांनी बंद न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्यात १९९८ आणि २०१०च्या विश्वचषकांच्या यजमान निवडीशी निगडित लाचेत आपण आणि इतर सामील होतो, हीही कबुली होती. २०१७मध्ये ते वारले.

तर तक्रारदार असा होता. तरी त्याची तक्रार खरी होती. आपल्याकडे संस्थांतल्या भांडणांत पहिला प्रश्न असतो, बोलणारा कोण? त्याचे हात स्वच्छ आहेत का? नसले की विषय संपला, कागद बघायची गरज उरत नाही. मला हा आपला सगळ्यात महागडा सामाजिक दोष वाटतो. लन यांचं शपथपत्र ब्लेझर यांच्या टेबलावरून गेलं म्हणून त्यातली नोट खोटी झाली नाही. कूपरेजच्या गॅलरीत बसून ‘तोही त्यातलाच’ म्हणणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. ते म्हणणं बहुतेक वेळा बरोबर असतं आणि जवळजवळ नेहमीच निरुपयोगी.

निकाल, म्हणजे निकाल नव्हे

२० जून २०११ला वॉर्नर यांनी सगळी पदं सोडली. फिफाने लगेच त्यांच्यावरची कारवाई बंद केली आणि वर म्हटलं की त्यांच्या निर्दोषत्वाचं गृहीतक कायम आहे. हे वाचून वर्गात हमखास हशा पिकतो. राजीनामा दिला की फाइल बंद, हे मुंबईकराला परकं नाही.

बिन हम्माम यांना २३ जुलैला आजीवन बंदी. ते लोझानच्या क्रीडा लवादात गेले. जुलै २०१२मध्ये लवादाने दोन विरुद्ध एक मताने बंदी रद्द केली. आता निर्णय नीट वाचायला हवा. पैसे बहुधा बिन हम्माम यांच्याकडूनच आले असावेत, असं लवादाचं बहुमत मानतं. पण ते सिद्ध करणारा थेट पुरावा फिफाने आणला नाही, म्हणून प्रकरण ‘सिद्ध झालं नाही’. निर्दोष ठरवलं, असं लवाद म्हणत नाही. मुख्य साक्षीदार ठरू शकले असते ते वॉर्नर. आणि त्यांना तर फिफाने जूनमध्येच दारातून सन्मानाने बाहेर जाऊ दिलं होतं. बिन हम्माम यांनी आरोप कायम नाकारले. डिसेंबर २०१२मध्ये आशियाई महासंघातल्या वेगळ्या आर्थिक प्रकरणावरून त्यांच्यावर पुन्हा आजीवन बंदी आली.

नायगावचे काका इथे परत बोलले: “ती सही घेतलेली यादी कुठे गेली?”

मला याहून चांगला प्रश्न कुणी विचारलेला नाही. ती यादी आणि पैसे कुठून काढले याचा एक कागद, एवढं लवादासमोर असतं तर वर्षभराची वकिली वाचली असती. कॅरिबियन पदाधिकाऱ्यांपैकी अनेकांना पुढे बंदी, दंड, ताकीद वगैरे झालं. वॉर्नर यांच्यावर फिफाची आजीवन बंदी सप्टेंबर २०१५ला, म्हणजे झुरिकच्या धाडीनंतर आली. अमेरिकेकडे होणाऱ्या प्रत्यार्पणाविरुद्ध ते वर्षानुवर्षं लढले. २०२२मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्रिनिदादसाठीच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, त्यांचं अपील फेटाळलं, तरी अमेरिकेतल्या न्यायालयापुढे ते उभे राहिले नाहीत.

कायदा इतका हतबल का, हा प्रश्न विशेषतः वकिली शिकणारी मुलं विचारतात. फिफा ही स्विस नागरी संहितेखाली नोंदवलेली संस्था. खासगी संस्थेतल्या लाचेची दखल स्विस सरकारी वकिलांनी स्वतःहून घ्यावी, अशी तरतूद तिथे १ जुलै २०१६ला अमलात आली. त्याआधीचं उदाहरण आयएसएल या दिवाळखोर विपणन कंपनीचं: फिफाचे माजी अध्यक्ष हावेलांज आणि त्यांचे एकेकाळचे जावई, ब्राझीलच्या फुटबॉल संघटनेचे प्रमुख राहिलेले तेशेरा यांना कंपनीकडून कमिशन गेल्याचं स्विस कागदपत्रांत आलं, पण त्या काळी तिथे असं कमिशन घेणं हा गुन्हाच नव्हता. अमेरिकेने मग वेगळी वाट धरली: डॉलर अमेरिकी बँकांतून फिरले, म्हणून ‘वायर फ्रॉड’ (फोन, इंटरनेट वा बँकेच्या तारेने केलेली फसवणूक), मनी लाँडरिंग आणि टोळीविरोधी कायदा.

आपल्याकडे काय? १९८८चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा लोकसेवकांपुरता आहे असं सगळे धरून चालतात. पण त्यातली लोकसेवकाची व्याख्या वाचली तर सरकारी आर्थिक मदत घेणाऱ्या सामाजिक, सांस्कृतिक वा इतर संस्थेचा पदाधिकारीही तिच्यात येऊ शकतो. हे सांगितलं की ज्या मंडळांना अनुदान मिळतं ते जरा सरळ बसतात. शिवाय विश्वस्त बदलले की वरळीला धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट, दरवर्षी लेखापरीक्षण, आणि आयकर कायद्याने २०१७पासून दोन लाख वा त्याहून अधिक रोख एका व्यवहारात स्वीकारायला बंदी. कागदावर तरी परळचं कबड्डी मंडळ २०११च्या फिफापेक्षा जास्त बांधलेलं आहे.

आणि बाहेरून कुणी फिफाच्या सदस्याचा कारभार तपासायला गेलं, तर ‘त्रयस्थाचा हस्तक्षेप’ हा नियम आडवा येतो. ऑगस्ट २०२२मध्ये आपण तो अनुभवला. आपलं प्रकरण लाचेचं नव्हतं. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची रखडलेली निवडणूक आणि घटना यांचं होतं. सर्वोच्च न्यायालयाने प्रशासकांची समिती नेमली, फिफाने महासंघाला निलंबित केलं, समिती बरखास्त झाली आणि २६ ऑगस्टला निलंबन उठलं. ऑक्टोबरमध्ये मुलींचा १७ वर्षांखालचा विश्वचषक ठरल्याप्रमाणे झाला, अंतिम सामना नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये. सरकारांनी खेळात ढवळाढवळ करू नये म्हणून केलेला नियम चांगला आहे. पण न्यायालय आणि मंत्री यांना तो एकाच तागडीत घालतो, आणि हिशोब विचारणाऱ्याला रोखायला तो तितकाच उपयोगी पडतो.

आचारसंहिता

शेवटी मी वर्गाला विचारतो: एकच नियम बदलायचा तर कोणता? रोख बंद करा, असं बरेच जण लिहितात. रोख बंद झाली तरी मायामीची घोषणा राहतेच. मला स्वतःला वाटतं, आपल्याकडची निवडणूक आचारसंहिता उचलून तिथे न्यावी. तारखा जाहीर झाल्या की नवी योजना नाही, नवं अनुदान नाही, उमेदवाराच्या खर्चाने मतदारांचा प्रवास नाही. पदावरच्या माणसाला आणि आव्हान देणाऱ्याला एकच नियम.

२०१६मध्ये फिफाने पुष्कळ सुधारणा केल्या: कार्यकारी समितीच्या जागी ३७ जणांचं मंडळ, कार्यकाळाला मर्यादा, विकासनिधीवर लेखापरीक्षण. त्याच वर्षी जानी इन्फँतिनो निवडून आले ते प्रत्येक संघटनेला चार वर्षांत ५० लाख डॉलर देण्याचं वचन देऊन. पुढच्या चक्रात ही रक्कम ६० लाख झाली, २०२३ ते २०२६साठी ८० लाखांपर्यंत. २०१९मध्ये आणि २०२३मध्ये किगालीला ते बिनविरोध निवडून आले. या सगळ्यात पाकीट कुठेच नाही. पैसे बँकेतून जातात, अर्ज असतो, अहवाल असतो, आणि जी मुलं त्या मैदानांवर खेळतात त्यांचं खरंच भलं होतं.

दादरच्या ताईंना माझी आचारसंहिता पटली नाही. “सर, आचारसंहिता लागायच्या आठवडाभर आधी किती नारळ फुटतात, बघता ना तुम्ही? आमच्या गल्लीत एकाच गटाराचं भूमिपूजन दोनदा झालं.”

मग काय करावं, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, निधी ठरवणाऱ्याला निवडणुकीला उभंच राहू देऊ नका. दोन्ही कामं एका माणसाकडे नकोत. वेगळा विश्वस्त मंडळासारखा निधी, रक्कम सूत्राने ठरलेली, अध्यक्षाला घोषणा करायलाच काही ठेवायचं नाही. काकांनी विचारलं, मग अध्यक्ष व्हायला कोण येईल? ताई म्हणाल्या, ज्याला फुटबॉल आवडतो तो. यावर काकांनी नुसती मान हलवली आणि आपल्या क्लबच्या पावतीपुस्तकाचा विषय काढला, ज्याच्या दोन अर्धपावत्या त्यांना गेल्या हंगामापासून सापडत नाहीत.